हनुवटीखालची खूण

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

मघाशी फोनवर तू बोलता बोलता म्हणालास, "आई, कंपनीच्या तपासणीत लिव्हरचं एसजीपीटी 78 आलंय, म्हणून चार दिवस झाले फिटची रात्रीची गोळी घेत नाहीये." मग लगेच घरमालकाचा विषय काढलास. पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. फोन ठेवल्याठेवल्या मी आपल्या कराडच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा निरोप असा की आज रात्रीपासून नेहमीसारखं सकाळी 500 मिलिग्रॅम, रात्री 500 सुरू कर आणि या आठवड्यात रक्त पुन्हा तपासून घे. तेव्हा आधी ऊठ, गोळी घे, आणि मग पुढचं वाच.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुझ्या बाबांनाही नाही.

तुझ्या हनुवटीखाली चार टाक्यांची खूण आहे. नववीत असताना गणपतीत रात्री जागरण केलंस, म्हणून सकाळी बाथरूममध्ये आकडी आली आणि नळावर आपटलास, असं आपल्या घरात सगळेच सांगतात. आजी तर अजूनही मंडळाच्या पोरांना बोल लावते. खरं कारण मी आहे. त्याच्या आधी पाच दिवस मी तुझी रात्रीची गोळी बंद केली होती.

आठवीत सकाळी सकाळी तुझे हात उडायला लागले. दोनदा चहाचा कप हातातून फेकला गेला आणि आम्ही तुलाच रागावलो. मग एकदा मोठी फीट आली, ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी झाली आणि जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी हे फिटच्या या प्रकाराचं नाव कळलं. या प्रकाराला व्हॅल्प्रोएट, म्हणजे तुझ्या गोळीतलं औषध, चांगलं लागू पडतं. तुलाही पडलं, कप पडायचे थांबले. पण मी वीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई. काविळीच्या माणसाचं रक्त मशीनमध्ये फिरवून घेतलं की नळीत वर जे सीरम येतं, ते हळद कालवलेल्या पाण्यासारखं दिसतं. अशा किती नळ्या माझ्या हातांनी लावल्यात. या औषधाने लिव्हर जाऊ शकतं हे वाचल्यापासून तुझ्या नळीकडे बघताना माझा हात थरथरायचा.

तुझं रक्त मीच काढायचे. नववीत एकदा एसजीपीटी 84 आलं. आमच्या मशीनला 40 च्या पुढे लाल खूण यायची. सीरम नेहमीसारखं फिकट होतं, बिलिरुबिन नॉर्मल, अल्ब्युमिन नॉर्मल. तरी मला तो एकच आकडा दिसत राहिला. डॉक्टर त्या आठवड्यात गावाला गेले होते. ते येईपर्यंत अर्धं औषध पोटात गेलं तर लिव्हरला तेवढाच आराम, असं मी मनाशी ठरवलं आणि रात्रीची 300 ची गोळी डब्यात परत ठेवू लागले. पाचव्या रात्री तू जागलास आणि सकाळी पडलास. त्या दिवशी तुझ्या शर्टाला लागलेलं रक्त मी तीनदा धुतलं.

याच्यापुढचं मला जास्त जड जातंय. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? मी वही पुढे केली. वहीत रोज सकाळ 300, रात्र 300 लिहिलेलं होतं. ते पाच दिवसही तसेच लिहिले होते. डोस पुरत नाही असं समजून त्यांनी तो 500 केला. आज तू जो डोस घेतोस, तो माझ्या खोट्या वहीवरून ठरलेला आहे. मघाशी फोनवर मी त्यांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. रिपोर्ट येऊ दे, डोसचा पुन्हा विचार करू. पण त्याने स्वतःहून एक गोळीही कमी करायची नाही."

आता तुझ्या 78 बद्दल. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या बऱ्याच जणांचं एसजीपीटी थोडं वर जातं, त्यांना काही त्रास होत नाही, आणि पुष्कळदा ते आपोआप किंवा डोस जरा कमी केल्यावर खाली येतं. लिव्हर खरंच निकामी होण्याचा प्रकार गंभीर आहे, पण विरळा. तो बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतो आणि सर्वांत मोठा धोका दोन वर्षांखालच्या, एकापेक्षा जास्त फिटची औषधं घेणाऱ्या बाळांना असतो. तुला दहा वर्षं झाली. म्हणून दुर्लक्ष कर असं मी म्हणत नाही, नीट शोध घे असं म्हणतेय.

एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशींतून रक्तात झिरपलेलं एन्झाइम. लिव्हर काम किती करतंय हे त्यावरून कळत नाही, ते बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) सांगतात. कंपनीच्या पॅकेजमध्ये पीटी सहसा नसतो, तो वेगळा सांगून करून घे. प्लेटलेट्सही बघायला सांग, या औषधाने त्या कमी होऊ शकतात. आणि जड व्यायामानंतर एसजीओटी, एसजीपीटी दोन्ही वर येतात, कारण ती एन्झाइम्स स्नायूंतही असतात. नववीत ते 84 आलं तेव्हा तुझी कबड्डीची निवड चाचणी चालू होती. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त काढलं तर 36. तू आता जिम लावली आहेस ना? रक्त देईपर्यंत वजनं उचलू नकोस, आणि जिमची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाल.

सोनोग्राफीही करून घे. व्हॅल्प्रोएटने भूक आणि वजन वाढतं, त्यातून फॅटी लिव्हर होऊ शकतं. दोन वर्षांत तू किती सुटलास हे दिवाळीच्या फोटोत दिसलंच.

मावशीने पाठवलेला गुळवेलीचा रस आजच बंद कर. तिचा जीव आहे तुझ्यावर, तिला मी समजावते. करोनाच्या काळात काढा आणि गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये मांडलं होतं. त्यावर वाद झाला, पण ज्याचं एसजीपीटी आधीच वर आहे त्याने हा प्रयोग कशाला करायचा? 'लिव्हर टॉनिक'सुद्धा नको. दारूबद्दल तुला मी आजवर कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण घेत असशील तर डॉक्टरांना खरं सांग. ती लिव्हरला मारते, झोप मोडते, आणि तुझ्या प्रकारात झोप मोडली की सकाळी हात उडतात.

जेवण नकोसं होणं, सारखी उलटी, अंगात त्राण नसणं, उगाच गुंगी, चेहऱ्यावर सूज, डोळे पिवळे, पोटात सहन न होणारं दुखणं, किंवा गोळ्या नीट चालू असताना अचानक फिट वाढणं, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. रक्तातले आकडे बिघडायच्या आधीही ही लक्षणं येऊ शकतात. गुंगी असेल तर अमोनियाही तपासायला सांग. ते सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लॅबला न्यावं लागतं, नाहीतर आकडा खोटा वाढतो. कोणी नळी तशीच टेबलावर ठेवली तर टोक त्याला.

औषध बदलता येईल का, असं तुझ्या मनात येत असेल. विचारण्यात काही चूक नाही. लेव्हेटिरासिटाम नावाच्या फिटच्या दुसऱ्या औषधाचा लिव्हरवर फारसा भार नसतो, ते मुख्यतः किडनीतून बाहेर पडतं, पण काहींची त्याने चिडचिड वाढते. बदलायचंच झालं तर एक हळूहळू वाढवत दुसरं हळूहळू उतरवावं लागतं, त्यात आठवडे जातात. एकदम थांबवलं तर एकामागून एक आकड्या येऊ शकतात, माणूस शुद्धीवर न येता. तू तिथे खोलीत एकटा असतोस रे. तेवढंच मनात येतं आणि मला बसवत नाही.

मी तुझ्याएवढीच घाबरले होते, सोहम. तू घाबरून गोळी बंद केलीस, मीही तेच केलं होतं. तू मला चार दिवसांत तरी सांगितलंस.

मघाशी वही काढली. त्या पाच दिवसांसमोरचे रात्रीचे 300 खोडले आणि तिथे शून्य लिहिलं, खाली आजची तारीख टाकून सही केली. त्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय. तिथल्या डॉक्टरांना तो दाखव आणि खाली तुझे हे चार दिवसही लिही. बाबांना सकाळी चहाच्या वेळी मी स्वतः सांगणार आहे.

गोळी घेतलीस की फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई