पिशव्या मोजताना प्रश्न विसरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्तदान शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येतात, याचा मला आनंदच आहे. मात्र बहुतेक बातम्यांत एकच आकडा असतो, तो म्हणजे किती पिशव्या रक्त जमले. त्या दिवशी किती जणांना रक्त न घेता परत पाठवले आणि का, हे कुठेच येत नाही. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी गेली. माझ्या लेखी हा दुसरा आकडाही तितकाच मोलाचा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘रक्त तपासूनच देतात ना, मग रक्त देण्याआधी एवढी चौकशी कशाला?’ हा प्रश्न रक्तदात्यांच्या रांगेत हमखास ऐकू येतो. तपासतात, हे खरे. एचआयव्ही, यकृताला होणारे हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी, तसेच सिफिलिस या चार रोगांसाठी प्रत्येक पिशवी तपासलीच पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण विषाणू आज अंगात शिरला आणि उद्या चाचणीत दिसला, असे होत नाही. मधल्या काळाला आम्ही विंडो पिरियड म्हणतो. एचआयव्हीची नुसती प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने, शोधणाऱ्या चाचणीला साधारण तीन आठवडे काही दिसत नाही. विषाणूचा जनुकीय अंशच थेट शोधणारी नॅट चाचणी हा काळ दहा दिवसांच्या आसपास आणते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत प्रतिपिंडांच्या चाचणीला सुमारे दोन महिने लागतात, नॅटला आठवडाभर. हिपॅटायटिस बी मात्र नॅटलाही जवळपास तीन आठवडे चकवतो. सगळ्यात महागडे यंत्र आणून बसवले तरी काही दिवस असे उरतातच, की रक्त दूषित असते आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. त्या दिवसांत रक्तदात्याला बहुधा काहीच होत नसते. तो मनापासून हात पुढे करतो. त्या पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) आणि प्लेटलेट (रक्त थांबवायला मदत करणाऱ्या पेशी) वेगळे केले, की ती तीन रुग्णांपर्यंत जाऊ शकते.

हे उरलेले दिवस पकडायचे, तर रक्तदात्याला विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

विचारण्याने काय साधते, याचा दाखला इतिहासात आहे. एचआयव्हीची चाचणी अमेरिकेत 1985 च्या मार्चमध्ये मंजूर झाली. त्याच्या दोन वर्षे आधी, 1983 च्या मार्चमध्ये, तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने ज्यांना एड्सचा धोका अधिक आहे त्यांनी रक्त देऊ नये, असे आवाहन केले होते. हाताशी दुसरे काही नव्हतेच. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतल्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा चाचणी येण्याच्या आधीच तिथल्या दूषित रक्ताचे प्रमाण बरेच उतरले होते, असे दिसले. लोकांनी स्वतःहून मागे राहण्याने हे घडले होते.

उलट बाजूही पाहा. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकापासून 1990 च्या सुरुवातीपर्यंत दूषित रक्त आणि रक्तापासून बनवलेली औषधे यांतून 30,000 हून अधिक लोकांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सीची लागण झाली. सुमारे 3,000 माणसे गेली. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांना दिलेले फॅक्टर आठ हे औषध हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनत असे आणि त्यातला काही अमेरिकेतल्या तुरुंगांतल्या कैद्यांकडून पैसे देऊन घेतलेला होता. या प्रकरणाची चौकशी करणारे निवृत्त न्यायाधीश सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अंतिम अहवाल 20 मे 2024 रोजी आला. यातले पुष्कळसे टाळता आले असते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. रक्त कोणाकडून घेतो आहोत याची फिकीर केली नाही, की पुढची चाचणी कितीही चांगली असली तरी ती उशिराचीच ठरते.

रक्त देण्याआधी भरून घेतात त्या अर्जावरचे काही प्रश्न लोकांना निरर्थक वाटतात. ‘गेल्या काही आठवड्यांत जुलाब झाले होते का?’ या प्रश्नावर तर हसणारेही भेटतात. येर्सिनिया नावाचा एक जिवाणू आहे. त्याने पोट थोडेसे बिघडते, माणूस बरा होतो, विसरूनही जातो. पण तो जिवाणू रक्तात उरला असेल, तर रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये चार अंशांवरही वाढत राहतो आणि काही आठवड्यांनी ती पिशवी ज्याला चढते त्याच्या जिवावर बेतते. मलेरियाचे जंतूही थंडीने मरत नाहीत, आणि रक्तात अगदी थोडे असले तर तपासणीतून निसटतात. म्हणून प्रवास आणि ताप यांची विचारपूस असते. प्लेटलेट तर 20 ते 24 अंशांवर ठेवाव्या लागतात, तिथे कातडीवरून सुईबरोबर आत गेलेला जिवाणूही झपाट्याने वाढतो. त्यासाठीच दंड नीट पुसून कोरडा होऊ देतात आणि पहिले थोडे रक्त बाजूच्या छोट्या पिशवीत वळवतात. तपासणीच्या नळ्याही त्यातूनच भरतात. ‘एवढे रक्त वाया का घालवता’ म्हणून कुणी नाराज होऊ नये.

आता खरी अडचण सांगते. शिबिरात टेबलाभोवती मित्रांचा घोळका, मागे रांग, एक जण अर्ज भरतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाचतात. अशा वेळी ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एका दमात खुणा पडतात. एका मुलाने असाच अर्ज भरला होता. पडद्याआड खुर्चीवर बसवून मी तेच प्रश्न पुन्हा सावकाश विचारले. नव्या जोडीदाराबद्दलचा प्रश्न आला तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, ‘मॅडम, हे बाहेर कुणाला कळणार नाही ना?’ मी म्हटले, ‘नाही कळणार. आज रक्त नको घ्यायला. तीन महिन्यांनी ये, मी स्वतः घेईन तुझे रक्त.’ त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे दिसले. एक पडदा, दोन खुर्च्या आणि पाच मिनिटे, एवढेच लागले होते. हे जिथे मिळत नाही तिथे अर्ज म्हणजे नुसती सही उरते.

प्रश्नही माणसाचा मान राखून विचारायला हवेत. पूर्वी अनेक देशांत पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांना सरसकट नाकारत. ब्रिटनने 2021 मध्ये, कॅनडाने 2022 मध्ये आणि अमेरिकेने 2023 मध्ये हे बदलले. आता तिथे येणाऱ्या प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, त्याच्या स्वतःच्या अलीकडच्या वागण्याबद्दल तेच प्रश्न विचारतात. मला हे योग्य वाटते. एका गटावर शिक्का मारला की त्यातला निर्धोक माणूस दुखावतो आणि गटाबाहेरचा धोक्यातला माणूस निर्धास्त राहतो. औषधांबद्दलही खरे सांगावे. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या चालू असतील, तर क्वचित लागण होऊनही चाचणीत ती लपू शकते.

काही जण तर तपासणी फुकट होईल म्हणूनच रक्त द्यायला येतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की शंका असेल तर थेट तपासणी केंद्रात जा. तिथे नावाची गुप्तता असते, सल्ला मिळतो, आणि तुमच्या विंडो पिरियडमधले रक्त कुणा आजारी मुलाच्या अंगात जात नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी, जन्मभर रक्त लागते. हा धोका त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतो. रुग्णाच्या नातेवाइकांवर ‘तूच दे’ म्हणून घरचे दडपण आले, तरी खरे लपवले जाते. स्वेच्छेने, मोबदल्याविना, नियमित रक्त देणारेच सर्वांत सुरक्षित ठरतात, हे जगभर दिसून आले आहे. आयोजकांनी पिशव्यांचे लक्ष्य ठरवू नये आणि भेटवस्तूंचे आमिष तर अजिबात दाखवू नये.

आपल्याला एक विनंती आहे. शिबिराच्या आदल्या दिवशी बातमी छापाल तेव्हा सोबत छोटी चौकट द्यावी. नुकताच ताप किंवा जुलाब, नवे गोंदण, नवा जोडीदार, सुईने घेतलेले अमली पदार्थ, चालू औषधे, यांतले काही असेल तर रक्त देण्याआधी सांगा, असे त्यात असावे. रक्त देऊन घरी गेल्यावर काही आठवले किंवा पुढच्या दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला फोन करा, हेही असावे. तांबड्या पेशी पाच-सहा आठवड्यांपर्यंत ठेवता येतात, त्यामुळे असा फोन आला की पिशवी बहुतेक वेळा अजून फ्रिजमध्येच असते आणि बाजूला काढता येते.

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ