खिळा तेवढा राहू द्या

सवाईच्या तिकीट काउंटरवरच्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "नावाचं काय करताय, तिकिटं नीट ठेवा." म्हणून हे पत्र असं उघड्यावरच लिहितेय. एरवी उदबत्त्या, कापूर, जानवी विकणारं पेठेतलं दुकान, डिसेंबर आला की बाहेर पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा फ्लेक्स लागतो आणि काउंटरचा डावा कोपरा तिकिटांना मिळतो. एवढ्या वर्णनावरून कुणीतरी तुम्हाला ओळखेल आणि हे वाचून दाखवेल.

मी मिरजेची. बरोबर बाबा होते, राखाडी कानटोपीवाले. आठवलं असेल.

खरं तर आम्हाला दुकानात यायचंच नव्हतं. मी घरी बसून मोबाईलवर खुर्चीची दोन सीझन तिकिटं काढत होते. पैसे गेले, तिकीट आलं नाही. पैसे आठ दिवसांनी परत आले, तोवर खुर्च्या संपल्या. बाबांना हे सांगायला जीभ रेटेना. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय आणि त्या दीड वर्षात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, एकदा सवाईला नेऊन आण. शेवटी कोयना एक्सप्रेसनं पुण्याला आलो आणि संध्याकाळी तुमच्यासमोर उभे राहिलो.

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भारतीय बैठक आहे. खुर्ची नाही." मी म्हटलं, मग तीच द्या, बघू कसं जमतं ते. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा वर पाहिलंत, माझ्याकडे नाही, बाबांच्या काठीकडे. "यांच्यासाठी? मग नाही देणार."

मला राग आला होता, काका. पुण्यातल्या दुकानदारांबद्दल आम्ही मिरजकर जे जे बोलतो ते सगळं मनात एकदम वर आलं. पण तुम्ही शांतपणे विचारलंत, "खाली बसवाल हो, पण उठवणार कोण? अडीच तासांनी उठताना सगळ्या मंडपाला त्रास, आणि त्यांना स्वतःला जास्त." आणि बिलबुकाच्या एका कोऱ्या पानावर माझा नंबर लिहून घेतलात. "कुणाचं परत आलं तर फोन करतो. आलंच पाहिजे असं नाही."

तेवढ्या वेळात बाबा भिंतीकडे सरकले होते. तुमच्या खुर्चीमागे सवाईचं कॅलेंडर होतं, दर वर्षी मंडपात मिळतं ते, कलाकारांच्या फोटोंचं. पान डिसेंबरचं. फोटोत गायक फिरोज दस्तूर, डोळे मिटलेले, एक हात तंबोऱ्याच्या उंचीला. बाबा बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "गोपाला." तुम्ही पावती लिहिता लिहिता थांबलात. "ऐकलंय समोर बसून?" "रमणबागेत. १९९० च्या आसपास. तेव्हा रात्रभर चालायचं." पुढची दहा मिनिटं तुम्ही दोघं काय बोलत होतात त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि रांगेतल्या लोकांना तर ते मुळीच आवडत नव्हतं.

बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही ते मी सांगते. ते मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात होते. मिरजेचे तंबोरे तिथून गावोगाव जायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर केलेलं वाद्य, गवतात गुंडाळून लाकडी पेटीत बसवलेलं. पेटी आपटली की भोपळ्याला तडा जातो, म्हणून हमालांवर ओरडण्याचं काम बाबांचं. गाणं त्यांनी कुठे शिकलं नाही. ते या पेट्यांतून आणि दर्ग्यातून त्यांच्याकडे आलं. किराना घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. सवाईंचे शिष्य भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, दस्तूर. 'गोपाला मेरी करुना' खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीवर आहे, आणि दस्तूर सवाईत बसले की लोक तेच मागायचे. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूच्या नावानं पुण्यात जे सुरू केलं, ते बाबांच्या हिशेबी मिरजेचंच. पुणेकर फक्त मंडप घालतात, असं ते म्हणतात. (हे तुमच्यासमोर बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.)

त्या रात्री पावणेदहाला तुमचा फोन आला. "दोन खुर्च्या आल्यात. एका घरी सुतक आहे. सकाळी साडेनऊला या. शटर अर्धंच वर असेल, वाकून आत या."

मी वाकून आत आले. दिवा एकच लावलेला, अजून झाडलंही नव्हतं. तिकिटं तुम्ही एका जुन्या पंचांगात ठेवली होती. मी छापील किमतीपेक्षा थोडे जास्तच पैसे पुढे केले, म्हटलं, एवढं केलंत, राहू द्या. तुम्ही तिकीट उलटं करून माझ्यासमोर धरलंत, किमतीवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "एवढंच छापलंय. मला वाचता येतं." बाहेर त्याच तिकिटांना कुणीही दीडपट दिले असते, हे मला आदल्या दिवशीच्या रांगेत समजलं होतं. तुम्हालाही माहीत होतंच.

मग सूचना. दुपारी वेळेआधी पोचा. मुकुंदनगरला मैदानावर सूर्य कलला की गार वारा सुटतो, मफलर लागेल. खुर्चीवर शाल टाकून वडे खायला जाऊ नका, परत येईपर्यंत शाल दुसऱ्याच्या गुडघ्यावर असते. पाचही दिवसांचा हट्ट धरू नका. हे सगळं बजावून तुम्ही मागे वळलात, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलंत, गुंडाळलंत, त्याला कालचा पेपर लावलात आणि रबरबँड चढवलात. डिसेंबरच्या तारखांची अर्धी पट्टी अजून जायची होती. मी म्हटलं, अहो, दुकानात तारीख कशी बघणार? "गिऱ्हाईक सांगतं ना," म्हणालात. "वडिलांना द्या. आणि निघा आता, मला झाडायचंय."

आम्ही पाचांपैकी तीन दिवस बसलो. रात्रभराची मैफल आता नाही. लाऊडस्पीकरच्या नियमांमुळे बहुतेक दिवशी दहाला आवरावं लागतं. बाबा पहिल्या दिवशी यावरून थोडे चिडले. "पहाटेचा भैरव कधी गाणार मग, दुपारी?" पण दहानंतर गुडघ्यानंही त्यांच्या बाजूनं मत दिलं नसतं. शेवटच्या दिवशी सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावली तेव्हा लोक उठून चपला शोधत होते. बाबा बसून राहिले. तो खरखरीत आवाज संपेपर्यंत त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली होती. खाली बैठकीवर असतो तर त्या गर्दीत मी त्यांना आधीच उठवलं असतं, नाहीतर कुणाचा पाय लागला असता. तुम्ही तिकीट का नाकारलंत ते मला तिथे कळलं.

कॅलेंडर आमच्या पुढच्या खोलीत आहे. जानेवारी लागला, पण बाबा ते काढू देत नाहीत. डिसेंबरचंच पान आहे, कोपऱ्याला अजून तुमच्या उदबत्त्यांचा वास येतो.

एक राहिलंच. नव्या वर्षाचं कॅलेंडर मी तुमच्यासाठी मंडपातच विकत घेतलं होतं. सोमवारी गाडीच्या आधी दुकानाकडे आले, तर शटर पूर्ण खाली. सोमवारी तुमची सुट्टी असते हे पाटीवर लिहिलेलं होतं, मी ती आधी वाचली नव्हती. त्यामुळे ते कॅलेंडर इथे मिरजेत कपाटावर पडलंय आणि त्याचे महिने फुकट चाललेत. बाबांच्या तपासणीसाठी पुढच्या महिन्यात पुण्याला यायचंय, तेव्हा आणते. सोमवार टाळून येईन. भिंतीवरचा खिळा तेवढा राहू द्या.

तुमची,
मिरजेहून आलेली ती खुर्चीवाली