क्षयाची तपासणी जेटीवर करा

संपादक महोदय,

गेल्या मार्चमध्ये माझ्या बोटीवरच्या एका खलाशाच्या बेडक्यात रक्त दिसले. त्याआधी महिनाभर तो खोकत होता. बर्फाचे काम, रात्रीचा वारा, खोकला व्हायचाच, म्हणून आम्ही त्याला काढा देत राहिलो. तपासणीत क्षय निघाला. आठ माणसे एका केबिनमध्ये चार-चार रात्री निजतात. त्याला आधी दवाखान्यात नेले नाही, हे मला अजून सलते.

तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली. पण कोर्स सहा महिन्यांचा, आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबला होता. तो कर्नाटकात गावी गेला, जवळच्या गोळ्या संपल्या तशा त्याने सोडल्या. ऑगस्टात परत आला तो वाळून. अर्धवट सोडलेला क्षय औषधांना दाद देईनासा होऊ शकतो, हे तेव्हा डॉक्टरांनी सांगितले.

त्याचे नाव ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर आहे. रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर त्याची नोंद तिकडे वर्ग करता येते. पण तो निघाला हे दवाखान्याला कळवणार कोण? ना त्याने सांगितले, ना मी. आणि गोळ्या न्यायला का येत नाही, असे विचारणारा फोनही कोणाचा आला नाही. पोषण आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० ऐवजी १००० रुपये मिळतात. ते बँक खात्यात जमा होतात आणि त्याचे खाते कधीचे बंद पडलेले.

७ डिसेंबर २०२४ ला सरकारची क्षयाविरुद्धची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगाव फिरवायची, घरोघरी माणसे तपासायची, हे चांगलेच. पण डिसेंबरात खलाशी घरी नसतो, समुद्रात असतो. त्याला गाठायचे तर जुलैअखेर, बोटी सुटण्याआधी. तेव्हा बर्फ, डिझेल भरायला सगळे जेटीवरच असतात. मत्स्य विभागाने आणि आरोग्य विभागाने तेव्हा एकत्र यावे. मे महिन्यात पुन्हा एकदा यावे, गावी जाणाऱ्या रुग्णाला उरलेल्या गोळ्या हातात द्याव्यात आणि तिकडच्या दवाखान्याला फोन करावा.

जेटीवर मांडव आणि वीज आम्ही नौकामालक देऊ.

आपला,
एक नौकामालक, हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी)