शाल नको, एक तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुगी आटोपली की आपल्या सीमाभागात साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी आणि तिकडे निपाणी भागात कारदगा, अशा गावांनी हा उपक्रम वर्षानुवर्षे नेटाने चालवला आहे आणि शेतीभातीची कामे सांभाळून मंडप उभारणाऱ्या या मंडळींचे ऋण कोणीही मान्य करील. यांपैकी बहुतेक संमेलनांना मी न चुकता जाते. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे, ती घरच्या माणसाची तक्रार समजावी.

गेल्या हंगामात अशाच एका संमेलनात उद्घाटनाची भाषणे इतकी लांबली की जेवणाची पंगत तीनला बसली आणि कविसंमेलन उन्हे कलल्यावर सुरू झाले. चौदा कवी आणि वेळ जेमतेम पाऊण तास. निवेदकाच्या हातात ‘आवरते घ्यावे’ अशी चिठ्ठी आली, तोपर्यंत मंडपवाल्याच्या पोरांनी मागच्या रांगांतील खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली होती. भाताच्या लावणीवर कविता घेऊन आलेल्या एका बाईंनी पहिली कविता घाईघाईने वाचली, दुसरीचा कागद तसाच घडी करून पिशवीत ठेवला आणि त्या शेवटच्या बसला निघून गेल्या.

त्याच व्यासपीठावर सकाळी पाच निवृत्त शिक्षकांचा सत्कार झाला होता. शाल, श्रीफळ, छायाचित्र आणि पुढचे नाव, असा तो सोहळा दहा मिनिटांत उरकला. त्यांतील एक गुरुजी मला सातवीत मराठी शिकवायला होते. चहाच्या टेबलापाशी मी पाया पडले, तेव्हा काखेतली शाल दाखवून ते म्हणाले, “अशा अकरा शाली घरी आहेत गं. निवृत्त झाल्यापासून एक कविता शिकवायला मात्र कुणी बोलावलं नाही.”

हे वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. माझी सूचना साधी आहे. कवींचे सत्र आणि शिक्षकांचा सत्कार ही दोन कामे एकत्र करावीत. शिक्षकाला शाल देण्याऐवजी एक तास द्यावा, त्या तासात त्याने एकच कविता सर्वांदेखत शिकवावी, पुढे शाळेची मुले बसावीत, मागे गाव बसावे आणि कवी हयात असेल तर त्यालाही शेजारी बसवून मुलांना हवे ते विचारू द्यावे. आमचे गुरुजी फळ्यावर अर्थ लिहून देत नसत. कविता तीनदा वाचत, तिसऱ्या खेपेस मुद्दाम एखादा शब्द गाळत आणि तिथे दुसरा कोणता बसेल ते आम्हाला विचारत. आम्ही सुचवलेले सगळे शब्द फिके पडले की मूळ शब्द उच्चारत. इंदिरा संतांची कविता शिकवताना त्यांनी सांगितले होते की या बाई आपल्या बेळगावातच राहतात आणि त्याही शिक्षिका आहेत. कवी म्हणजे पुस्तकातला फोटो एवढेच आम्हाला ठाऊक. एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर कवयित्री राहू शकते, याचे नवल कितीतरी दिवस पुरले.

कविता आणि शाळामास्तरकी यांचे नाते आपल्या भागाला नवे नाही. केशवसुत अखेरच्या काळात धारवाडच्या शाळेत शिक्षक होते आणि १९०५ साली हुबळीत प्लेगने गेले. ‘गर्भरेशीम’साठी १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या इंदिराबाईंचा उल्लेख वर आलाच आहे. द. रा. बेंद्रे हेही पेशाने शिक्षक. घरची भाषा मराठी असूनही ते कन्नडचे मोठे कवी झाले, ‘नाकु तंती’साठी त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले, आणि ‘नरबली’ या कवितेपायी इंग्रज सरकारने त्यांना ज्या तुरुंगात टाकले तो आपल्या वेशीवरच्या हिंडलग्याचा. आपल्या किती मुलांना हे सांगितले जाते?

बेंद्रे यांचे नाव घेतले, त्यामागे हेतू आहे. १९४६ साली बेळगावातच, माडखोलकर अध्यक्ष असताना, साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि तेव्हापासून आपल्याकडे साहित्याचे व्यासपीठ व भाषेचा लढा हातात हात घालून चालत आले आहेत. मला त्याचा अभिमान आहे. सीमाप्रश्नावरील माझे मतही सर्वांना माहीत आहे आणि कन्नड कविता ऐकल्याने ते पातळ होईल, अशी भीती मला वाटत नाही. कन्नड कवी चंद्रशेखर कंबार याच जिल्ह्यातील घोडगेरीचे. त्यांची एक कविता एखाद्या कन्नड गुरुजींनी मूळ भाषेत म्हणावी आणि आपल्यापैकी कोणी तिचा मराठी अनुवाद वाचावा, यात कोणाचे काय जाते? बेळगावच्या गल्ल्यांत उर्दू शायर आहेत, खानापूरच्या रानाकडील घरांत कोकणी गाणी आहेत आणि जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या तर प्रत्येक गावात आहेत. त्यांना बोलावताना ‘विशेष आमंत्रित’ असे वेगळे पाट मात्र मांडू नयेत. सर्वांसोबत एकाच रांगेत बसवावे.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील, तर पाच शाली-नारळांच्या पैशांत कवितेच्या दोनशे झेरॉक्स प्रती सहज निघतात, आणि त्या मुले घरी नेतात. गावातील संमेलन वर्षातून एकदाच होते, म्हणून मधल्या काळात वाचनालयांनी असा तास महिन्याकाठी घ्यावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे, तेव्हा प्रारंभ तेथून झाला तर शोभून दिसेल.

यंदाच्या कार्यक्रमपत्रिका आता छापखान्यात जातील. आमचे गुरुजी एक्याऐंशीचे आहेत. आवाज अजून खणखणीत आहे, पण दुपारनंतर त्यांना दम लागतो. म्हणून आयोजकांना विनंती, की त्यांचा तास ग्रंथदिंडी मंडपात पोहोचल्याबरोबर, भाषणांच्या आधी ठेवावा.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
बेळगाव तालुका