रब्बी नसले तरी उपासना पूर्णच

कोकणातील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू नसल्यामुळे कोकणातील बेने इस्रायली ज्यूंची उपासना अपुरी राहिली, हे त्यातील विधान मुळीच पटले नाही. ज्यू धर्मशास्त्रानुसार सामुदायिक प्रार्थना चालवायला रब्बी लागतच नाही. सनातनी परंपरेत १३ वर्षे पूर्ण केलेला, प्रार्थना शुद्ध म्हणणारा कोणीही पुरुष ती चालवू शकतो. सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरुख’ ही धर्मसंहिता त्याच्याकडून निष्कलंक चारित्र्य, नम्रता आणि गोड आवाज अपेक्षिते. मुख्य म्हणजे तो मंडळीला मान्य हवा. पुरोहितवंशी कोहेनांनाही आशीर्वाद देण्याचा आणि तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या वाचनासाठी प्रथम बोलावले जाण्याचा मान आहे, प्रार्थनेची मक्तेदारी नाही. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले. तिथे आणि कोकणातही हझानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनीच ही जबाबदारी निष्ठेने वाहिली. त्यांच्या सेवेला अपुरी म्हणणे अन्यायाचे आहे.

आजची खरी अडचण वेगळी आहे. १९४८ नंतर इस्रायलला झालेल्या स्थलांतरामुळे अनेक गावांत सामुदायिक प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा प्रौढ पुरुष जमणेच कठीण झाले आहे. लेखात त्याविषयी लिहायला हवे होते.

— एक वाचक, पेण