तक्रार पत्र: एकाच सबस्क्रिप्शनमध्ये पीसी, मोबाईल आणि टॅबवर सारखे काम होईल असे सांगून तशी सेवा न दिल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत सांगितलेली सेवा न मिळणे, आणि आपल्या प्रतिनिधीच्या सल्ल्यामुळे आमचे काम पुसले जाणे.

महोदय/महोदया,

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून तो चालवतो. लग्न, साखरपुडा, बारसे, कुस्तीची मैदाने, यात्रा-उत्सव हे आमचे काम. आपले फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर आम्ही वार्षिक सबस्क्रिप्शनवर घेतले असून त्याचे पैसे दरमहा कार्डावरून कापले जातात. घेताना आपल्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिले होते की एकच सबस्क्रिप्शन घ्या, पीसी, लॅपटॉप, मोबाईल, टॅब कुठेही काम सुरू करा आणि कुठेही पूर्ण करा. आमचे अर्धे काम स्टुडिओत आणि अर्धे रस्त्यावर चालते. त्यामुळे या आश्वासनावर विसंबूनच आम्ही आधीचे, एकदाच पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअर सोडून आपल्याकडे आलो. ते आश्वासन पाळले गेलेले नाही.

सर्वांत मोठे नुकसान चैत्र यात्रेत झाले, म्हणून तेच आधी सांगते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक येतात. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचत निघतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि दुपारपर्यंत पायऱ्या, दीपमाळा, माणसे सगळे गुलाबी होऊन जाते. गुलालाचा फोटो काढणे सोपे नाही. तो रंग कॅमेऱ्याचा रेड चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, पार भरून टाकतो. मग चेहऱ्यावर नुसता सपाट गुलाबी डाग दिसतो. गुलालाचा कण, घामाचा ओघळ, भुवईत अडकलेली भुकटी यांतले काही उरत नाही. म्हणून आम्ही रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, फोटो काढतो आणि नंतर एकेका चेहऱ्यावर वेगळा मास्क घालून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, लाल रंगाचा उजेड खाली आणतो. हे काम डोळ्यांत तेल घालून करावे लागते, आणि एकदा केलेले पुन्हा तसेच्या तसे जमेल याची खात्री नसते.

भाऊ डोंगरावरच टॅबवर फोटो निवडून हे काम करत होता. यात्रेच्या गर्दीत मोबाईलचे नेटवर्क धड चालत नाही. नेट नसतानाही काम करता येते असे आपण सांगता, आणि तेवढे खरे निघाले. पण संध्याकाळी खाली आल्यावर सिंकचे, म्हणजे टॅबवरचे काम क्लाउडवर (आपल्या इंटरनेटवरच्या साठ्यात) चढवण्याचे, चक्र फिरतच राहिले. त्याने आपल्या मदत कक्षाशी चॅटवर संपर्क केला. प्रतिनिधीने सांगितले की अ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. चॅटची प्रत सोबत जोडली आहे. तुमचे काम क्लाउडवर गेले आहे का, असा प्रश्न त्यात कुठेही विचारलेला नाही. न गेलेले काम अ‍ॅपबरोबर पुसले जाईल, अशी साधी सूचनाही नाही. भावाने सांगितले तसे केले आणि दिवसभराची निवड, मास्क, रंगकाम सगळे गेले. मूळ फाइली कॅमेऱ्याच्या कार्डावर होत्या म्हणून निदान फोटो तरी वाचले.

सासनकाठीच्या ज्या मंडळाने आम्हाला काम दिले होते त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो द्यायचे कबूल केले होते. आम्ही दोघांनी रात्रभर जागून जमेल तेवढे पुन्हा केले, तरी फोटो उशिराच पोहोचले. मंडळाच्या लोकांनी समजून घेतले, पण दिलेला शब्द मोडला तो मोडलाच. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक तोंडी सांगण्यावरून येते आणि तोंडी सांगण्यावरूनच तुटते. तक्रार केल्यावर आपल्याकडून उत्तर आले की वापरकर्त्याने बॅकअप ठेवणे ही त्याची जबाबदारी आहे. ज्या क्लाउडचे पैसे आम्ही भरतो तोच आमचा बॅकअप आहे असे आपल्याच जाहिरातीत लिहिले आहे. सिंक अडकल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला अ‍ॅप काढायला सांगणे ही चूक आपल्या बाजूची आहे, आणि ती आपण लेखी मान्य करावी असे मला वाटते.

आता टॅबबद्दल. कसबा बावड्यातल्या एका लग्नाचे काम आमच्याकडे होते. करिझ्मा अल्बमसाठी फोटो निवडायला मी टॅब घेऊन नवरीच्या घरी गेले. आजी, काकू, मामा, सगळे मिळून फोटो बघतात आणि कोणता मोठा करायचा ते तिथेच ठरते. नवरीच्या गळ्यात तिच्या आजीने दिलेला कोल्हापुरी साज होता. पीसीवर मी त्या साजाच्या एकेका पानावर बारीक ब्रशने काम केले होते, म्हणजे मासा, कासव ही नक्षी उठून दिसेल आणि हिरव्या शालूचा रंग सोन्यावर पडणार नाही. टॅबवर तोच फोटो उघडला तर साज पिवळट-हिरवा, नक्षी गायब. आजींनी विचारले, "हे आमचंच सोनं ना गं?" एवढ्या माणसांसमोर मी काय उत्तर देणार? माझे काम पीसीत सुखरूप होते, पण टॅबमधले आपले अ‍ॅप ते दाखवतच नव्हते.

नंतर मी याच्या मुळाशी गेले. आपले सॉफ्टवेअर मूळ फोटोला हात लावत नाही. उजेड किती वाढवला, कुठे मास्क घातला, याच्या सूचना तेवढ्या वेगळ्या लिहून ठेवते आणि फोटो उघडला की त्या लागू करते. ही पद्धत उत्तमच आहे. पण पीसीवरच्या आवृत्तीने लिहिलेली एखादी सूचना टॅबच्या आवृत्तीला समजत नसेल, तर टॅबचे अ‍ॅप ती गुपचूप वगळते. स्क्रीनवर एक ओळही येत नाही की या फोटोतले काही काम इथे दिसणार नाही. लहान यंत्रात सगळ्या सोयी बसत नाहीत, हे मला मान्य आहे. मी टॅबकडून पीसीची ताकद मागत नाही. गिऱ्हाइकासमोर टॅब ठेवण्याआधी मला हे कळायला हवे होते, एवढेच मागते. तो इशारा दाखवणे आपल्याला अजिबात अवघड नाही.

मोबाईलची गोष्ट वेगळीच. मोबाईल अ‍ॅपमधून बाहेर काढलेला फोटो फोनच्या रुंद रंगपट्ट्यात, म्हणजे डिस्प्ले पी-थ्रीमध्ये निघतो. कलर लॅबचे मशीन एस-आरजीबी हा त्याहून अरुंद रंगपट्टा धरून चालते. त्यामुळे फोनवर रसरशीत दिसणारा रंग कागदावर फिकट उतरतो. पीसीवर फोटो बाहेर काढताना कोणत्या रंगपट्ट्यात हवा ते निवडता येते, आपल्या मोबाईल अ‍ॅपमध्ये ती सोयच नाही. लॅबवाल्याने मला फोन करून फाइल तपासा म्हणून सांगितले, नाहीतर अख्खा अल्बम तसाच छापला गेला असता. "कुठेही पूर्ण करा" म्हणताना फोटो छापायला देण्याजोगा निघाला पाहिजे, हे त्यात आपोआप येते.

क्लाउडच्या जागेबद्दलही थोडे लिहिते. आमच्या योजनेत १०० जीबी जागा आहे. आमच्या ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण ५० एमबीची होते. एका लग्नात ३,००० फोटो सहज निघतात, म्हणजे १५० जीबी. एक लग्नसुद्धा मावत नाही. जागा वाढवून घेतली तरी ४० एमबीपीएसच्या अपलोडने एवढा माल वर चढायला आठ तासांहून जास्त लागतात, तेही लाईट आणि नेट एकदाही गेले नाही तर. शेवटी पीसीवरून क्लाउडवर फोटोची फक्त छोटी प्रत चढते आणि मोबाईल-टॅबवर तीच दिसते. तिच्यावर ताणून काम केले की डोळ्यांची धार बरोबर आली की नाही हे कळत नाही. घरगुती फोटोंसाठी हे चालून जाईल. पण आपण ही योजना "व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी" म्हणून विकता, तेव्हा हा हिशेब विकण्याआधी सांगायला हवा.

शिवाय यंत्रांची मर्यादा. "सर्व उपकरणांवर" असे लिहिले असले तरी पीसी आणि लॅपटॉप मिळून दोनच यंत्रे चालू ठेवता येतात, आणि ही माहिती अटी-शर्तींच्या पानात खोल कुठेतरी आहे. विजेच्या झटक्याने स्टुडिओतल्या पीसीचा मदरबोर्ड गेला. तो बदलल्यावर आपल्या सॉफ्टवेअरने तो पीसी तिसरे यंत्र म्हणून मोजला आणि लॅपटॉपचे काम बंद पाडले. जुन्या नोंदीचा पीसी आता अस्तित्वातच नाही, त्यामुळे त्यावरून साइन-आउट करणे शक्य नव्हते. आमच्या खात्यात जाऊन नोंद काढावी तर "ही नोंद ग्राहक सेवेकडूनच काढता येईल" असा मजकूर येई. ग्राहक सेवा म्हणे तांत्रिक विभागाला विचारा, तांत्रिक विभाग म्हणे बिलिंगला विचारा. या टोलवाटोलवीत ऐन लग्नसराईतले दिवस गेले.

कंटाळून सबस्क्रिप्शन बंद करायला गेले तर वर्ष पुरे व्हायच्या आत सोडल्यास उरलेल्या रकमेचा मोठा भाग दंड म्हणून भरा, असे उत्तर आले. घेताना पानावर दरमहाची रक्कम मोठ्या अक्षरांत होती. दंडाचा उल्लेख एका छोट्या चिन्हावर बोट ठेवल्याशिवाय दिसत नव्हता. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वेबसाइट-अ‍ॅपवरच्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचे नाव घेऊन मनाई केली आहे. आपल्या विधी विभागाने ती या पानाशी ताडून पाहावीत.

आपल्या एका प्रतिनिधीने फोनवर मला सांगितले की तुम्ही धंद्यासाठी वापरता, त्यामुळे तुम्ही कायद्याने ग्राहक ठरत नाही. हे चुकीचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर "व्यावसायिक हेतू"त मोडत नाही. आम्ही दोघे भावंडे स्वतः कॅमेरा धरतो, स्वतः एडिटिंग करतो, आणि त्यावरच आमचे घर चालते. याच कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यासाठी आपल्या मुख्यालयाच्या गावी यावे लागत नाही. अशी माहिती आपल्या माणसांनी पुन्हा कोणाला देऊ नये.

माझ्या मागण्या अशा आहेत. चुकीच्या सल्ल्यामुळे गेलेल्या कामाबद्दल आणि लॅपटॉप बंद राहिलेल्या काळाबद्दल त्या महिन्यांचे पैसे परत करावेत आणि पुढे सबस्क्रिप्शन सोडायचे ठरवल्यास दंड आकारू नये. बंद पडलेल्या यंत्राची नोंद आमची आम्हाला खात्यातून काढता यावी. ज्या फोटोतले काम टॅबवर किंवा मोबाईलवर पूर्ण दिसणार नाही, त्यावर तसा स्पष्ट इशारा यावा. मोबाईल अ‍ॅपमध्ये एस-आरजीबीची सोय द्यावी. कोणती सोय पीसीवर आहे, कोणती टॅबवर, कोणती मोबाईलवर, किती यंत्रे चालतील आणि मध्येच सोडले तर किती पैसे द्यावे लागतील, हे सगळे पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीतही लिहावे. आणि मदत कक्षातल्या प्रत्येकाला शिकवावे की सिंक न झालेले काम बाहेर काढून घेतल्याशिवाय कोणालाही अ‍ॅप काढायला सांगायचे नाही. ही शेवटची मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते. पुढच्या यात्रेत दुसऱ्या कोणाचे तरी काम त्यामुळे वाचेल.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. उत्तर ईमेलने, लेखी, आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावाने यावे. चॅटवरचे ठरावीक उत्तर मी स्वीकारणार नाही. मुदतीत दखल घेतली गेली नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागेन.

कळावे,

आपली ग्राहक,
स्टुडिओचालक, राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत: सबस्क्रिप्शनच्या पावत्या, मदत कक्षाशी झालेल्या चॅटची प्रत, एकाच फोटोचे पीसी आणि टॅबवरचे स्क्रीनशॉट, मदरबोर्ड बदलल्याचे बिल, खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट.