आधी कवळी बसवा, मग बोलू

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण आपण माझ्याशी ज्या रीतीने वागलात, ते खालच्या कवळीने जेरीस आलेल्या आणि ‘होईल सवय’ एवढेच ऐकून घरी परतलेल्या सगळ्यांना कळावे, असे मला मनापासून वाटते.

वरची कवळी टाळूला धरून राहते. खालचीला हिरडीची अरुंद कड तेवढी मिळते, त्यात जीभ आणि गाल तिला सतत ढकलत असतात. शिवाय दात गेल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा पुष्कळ अधिक झिजते, त्यामुळे वर्षागणिक तो आधारही कमी होत जातो. हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलेत ते आपण. त्याआधी कोणी कवळी घासून दिली, कोणी चिकटवण्याची पावडर दिली आणि एका डॉक्टरांनी तर माझ्यादेखत माझ्या मुलाला सांगितले, की या वयात एवढे मनाला लावून घ्यायचे नसते. दात माझे गेले होते, सल्ला मुलाला मिळाला. खालचे सर्व दात गेलेल्या रुग्णासाठी दोन इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या धातूच्या खुंट्यांवर, बसणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा, असे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी २००२ सालीच मांडले होते. इतक्या वर्षांनंतरही असा पर्याय आहे, एवढेसुद्धा मला कोणी सांगितले नाही, याचा राग अजून ओसरलेला नाही. परवडले नसते तर मी नाही म्हटले असते; पण तो निर्णय माझा असता.

तरीही आभार मानायचे आहेत ते आपण मला बसवलेल्या इम्प्लांटपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीसाठी. पहिल्या तपासणीत आपण कवळी काढायला सांगितलीत आणि माझा हात आपसूक पदराकडे गेला. आपल्यामागे शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यांच्यापैकी एकाने लगेच प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा आपण त्याला हाताने थांबवलेत, कवळी स्वतः धुऊन माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “आधी कवळी बसवा, मग बोलू. घाई नाही.” मी ती बसवेपर्यंत आपण पाठ वळवून उभे राहिलात आणि ते विद्यार्थीही वळले. बोळक्या तोंडाने परक्यांसमोर बोलावे लागणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे, त्यालाच या क्षणाची किंमत कळेल. उपचार कुशल हातांनी होतो, पण समोरच्याची लाज राखणे ही माणुसकी आहे आणि ती आपण विद्यार्थ्यांना एक शब्दही न बोलता शिकवलीत.

नंतर आपण विचारलेले प्रश्नही तसेच होते: शब्द उच्चारताना अडखळता का, चव कमी झाली का, चारचौघांत जेवायचे टाळता का. मी टाळत होते. लग्नाच्या पंगतीत फक्त वरणभात घेऊन, तोही चावल्यासारखे करून गिळत होते. श्रावणात गल्लीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवण्याचा माझा अनेक वर्षांचा नेम मी घशाचे निमित्त सांगून बंद केला होता, कारण ‘स’ आणि ‘श’ म्हणताना कवळी उचलली जाई. आयुष्यभर वर्गात मोठ्याने वाचलेल्या शिक्षिकेला याहून मोठी शिक्षा नाही. आता कवळी खट्कन जागेवर बसते आणि तिथेच राहते. मी भाकरीचा पापुद्रा चावून खाते, पेरूची फोड खाते, आणि यंदा श्रावणात पोथी पुन्हा मीच वाचली. जेवताना तोंडापुढे हात धरायचे कधी थांबले, ते माझे मलाही कळले नाही, सुनेने सांगितले.

कवळीच्या आतल्या, इम्प्लांटला धरून ठेवणाऱ्या नायलॉनच्या कड्या सैल झाल्या की बदलाव्या लागतात, हे आपण आधीच सांगितले आहे, त्यासाठी येईनच. त्या वेळी शेजारच्या एक काकू सोबत असतील. त्यांची खालची कवळी कित्येक महिने डबीतच पडून आहे. त्यांची ऐपत बेताची आहे, म्हणून खर्चाचा आकडा त्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावा, एवढी विनंती.

आपली ऋणी,
एक निवृत्त शिक्षिका